एकशे पंचावन्न पूर्णांक एक

कल्पना करा, उद्या सकाळपर्यंत तुम्हाला अकरा मिलिमीटर उंच व्हायचं आहे. वय सत्तावीस. टाचेखाली काही ठेवायचं नाही, केसांत काही खोचायचं नाही. अनवाणी उभं राहायचं, पाठ फळीला, नजर समोर. काय कराल? दाराच्या चौकटीला लोंबकळाल? ते सहा महिने करून झालंय, तळहातांना घट्टे पडलेत. जाहिरातीतल्या गोळ्या खाल? त्यांनी नुसती मळमळ झाली. मग एकच उपाय उरतो. आडवं व्हायचं आणि उठायचं नाही. जेवायला नाही, लघवीला नाही, दार वाजलं तरी नाही, आणि कोणी लाथ घातली तरी नाही.

शेवटची अट वाचून तुम्ही हसला असाल. ती अट शब्दशः पाळणारी एक बाई आहे. तिला सगळे पावशेर म्हणतात.

हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती पहिल्यांदा कामावर आली तेव्हा मळक्या चादरींच्या ढिगामागे उभी होती. मुकादम मावशींनी हजेरी घेताना तिच्या डोक्यावरूनच इकडे तिकडे पाहत विचारलं, नवीन आलेली कुठंय? ढिगामागून आवाज आला, इथेच आहे. मावशी दोन पावलं पुढे आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, मी वर शेरभर मागितली होती, ही पावशेरच पाठवली की.’ नाव चिकटलं ते चिकटलंच. तिनेही हरकत घेतली नाही. घरी तिला ज्या नावांनी हाक मारली जायची, त्यांच्यापुढे हे नाव म्हणजे लाडच होते.

धुलाईखान्यात बाकी जग चादरींवरून कळायचं. अपघाताच्या वॉर्डातून येणारी बोचकी जड असत. रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाही, हा तिथला पहिला धडा. गरम पाण्यात रक्त शिजतं आणि कापडात कायमचं बसतं. थंड पाण्यात ते हळूहळू सोडून जातं. त्याहून वाईट म्हणजे हाडांच्या वॉर्डातल्या चादरी. त्यांच्यावर प्लॅस्टर वाळून दगड झालेलं असायचं. ते तसंच यंत्रात गेलं तर पाणी बाहेर टाकणारा पंप अडकायचा, म्हणून आधी ओट्यावर चादर पसरून मोगरीने धोपटायची. हे काम पावशेरचं. तिच्या हाताखाली प्लॅस्टरच्या ठिकऱ्या उडत. एवढ्याशा जिवात एवढा जोर कुठून येतो, असं नव्या बायका एकमेकींना विचारत. मावशी विचारत नसत. कपडे बदलण्याच्या खोलीत त्यांनी तिची पाठ पाहिली होती.

तिचा नवरा गोदामात हमाल होता. तिच्याहून दीड फूट उंच. त्याचा हात नेहमी वरून यायचा आणि ती खाली कुठेतरी जाऊन आदळायची. घरातल्या वस्तूंच्या उंच्या तिला अशा पाठ झाल्या होत्या. टेबलाची कड भुवईला लागते. दाराची कडी गालफडाला. शेगडीचा ओटा बरगडीला, आणि पलंगाची लाकडी पट्टी, पडल्यावर, डाव्या कानाला. त्या कानाने तिला कमी ऐकू यायचं. उजव्या हाताची करंगळी दारात चिरडून वाकडी बसली होती. मारायला कारण लागत नसे. लागलंच तर पाणी कोमट होतं, किंवा थंड होतं. सासू अशा वेळी रेडिओ मोठा करायची. शेजारच्यांना गाणी पाठ झाली होती. आणि मारून झालं, की तो दरवेळी एकच सांगायचा, ‘ऊठ, वाढ मला.’ ती उठायची, वाढायची. पाच वर्षं.

माहेर होतं, पण नावापुरतं. भावाने तिला तीनदा परत आणून सोडलं. तिसऱ्या वेळी तर तो रिक्षातून उतरलाही नाही.

एक दिवस इस्पितळाच्या फळ्यावर भरतीचं पत्रक लागलं. बायकांच्या तुरुंगासाठी पहारेकरी हव्या होत्या. शिक्षण तिच्याकडे होतं तेवढंच मागितलं होतं. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की राहायला खोली मिळेल, आवाराच्या आत, दुसऱ्या भिंतीच्या पलीकडे. पावशेरने ती ओळ चार वेळा वाचली. दोन भिंती, दोन फाटकं, प्रत्येक फाटकावर बंदूकवाली बाई, आणि आत एक खोली जिच्या दाराला आतून कडी. मावशी म्हणाल्या, ‘लोक तुरुंगातून सुटायला धडपडतात, हिला आत जायचंय.’ ती म्हणाली, ‘जायचंय. पण चावी माझ्या कमरेला हवी.’

उंची मात्र किमान एकशे पंचावन्न सेंटिमीटर हवी होती. आणि वय अठ्ठावीसच्या आत. तिला अठ्ठावीस लागायला सात महिने होते. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची.

लोंबकळणं, गोळ्या, पाठीला बांधायचा पट्टा, सगळं त्या महिन्यांतलं. शेवटी तिने ताणवाल्याला विचारलं. अंगणापलीकडे इस्पितळाची ताणाची खोली होती. तिथे कंबर आणि मान धरलेल्या माणसांना पट्टे बांधून वजनं लावत, मणके ताणत. तिथला तंत्रज्ञ पोरसवदा होता, पण आपल्या कामात पक्का. पावशेर रोज त्याला धुतलेल्या चादरी नेऊन द्यायची. तिने विचारलं, ‘दादा, मोठं झालेलं माणूस अजून वाढतं का हो?’

त्याने आधी तिला मापाच्या फळीखाली उभं केलं. दुपारचे तीन वाजले होते. एकशे त्रेपन्न पूर्णांक नऊ. मग त्याने भिंतीवर लटकवलेल्या सांगाड्याचा गुडघा दाखवला. लांब हाडाच्या टोकाशी वाढीची एक मऊ पट्टी असते. वयात येऊन काही वर्षं झाली, की ती हाड होऊन जाते, आणि मग आकाशातून देव उतरला तरी ते हाड लांब होत नाही. गोळी, पट्टा, लोंबकळणं, सगळं झूट. हाड मुद्दाम तोडून रोज केसभर लांब करायचं एक ऑपरेशन असतं, पण त्यात माणूस वर्षभर खाटेवर ओरडत पडतो, आणि ते तिच्यासाठी नव्हे.

पावशेरचं तोंड उतरलं. तेव्हा तो म्हणाला, ‘पण ताई, तसं प्रत्येक माणूस रोज सकाळी वाढलेलं असतं.’

पाठीच्या मणक्यांमध्ये तेवीस गाद्या असतात, ओल्या स्पंजासारख्या. दिवसभर अंगाचं वजन त्यांना पिळतं, पाणी निघून जातं, माणूस खचतो. आडवं झालं, की त्या पुन्हा पाणी पितात. सकाळी उठल्यावर माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतं, आणि उभं राहिल्यावर पहिल्या तासाभरातच त्यातलं निम्मं जातं. ओझी वाहणाऱ्यांचं तर विचारूच नका, तो म्हणाला. तुमचा नवरा संध्याकाळी घरी येतो तेव्हा चांगला दोन सेंटिमीटरने बुटका झालेला असेल.

‘तरी हात पोचतो,’ पावशेर म्हणाली.

 ताणवाल्याने कागद घेतला आणि मनापासून गणित मांडलं. चोवीस तास आडवं राहिलं, जराही बसलं-उठलं नाही, आणि मापाच्या फळीपाशी पोचेपर्यंत पाऊल जमिनीला लागलं नाही, तर एकशे पंचावन्नच्या जरा वर जायला हरकत नाही. जरा म्हणजे एक-दोन मिलिमीटर. मान धरून ताण देता का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने हात जोडले. तुमची मान माझ्या हातात येईल आणि उंची तिथेच राहील, म्हणाला.

मावशींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचा धाकटा दीर म्हणे असाच शिपायांत लागला होता. माप व्हायच्या आधी तासभर डोक्याच्या मधोमध एक टोला हाणायचा. टेंगूळ येतं. तीन-चार मिलिमीटर कुठे गेले नाहीत. मावशींनी मोगरी हातात घेऊन वजन करून पाहिलं आणि सांगितलं, फडक्यात गुंडाळून मारते, चिंता करू नकोस.

‘मावशी, मार खाऊन वाढायचं असतं, तर एव्हाना मी छताला लागले असते,’ पावशेर म्हणाली.

बायका हसल्या. पण ती हसण्यावारी बोलली नव्हती. तिने मावशींच्या हातातून मोगरी काढून घेतली आणि स्पष्ट सांगितलं, की जे काही होईल ते माझ्या पाठीचं झालं पाहिजे. या एका गोष्टीत तरी कोणाच्या हाताचा फटका नको.

मापाच्या आदल्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी कामावर आली, आणि घड्या घालायच्या खोलीत तीन जुन्या गाद्यांवर आडवी झाली. घरी तिने दुहेरी पाळी असल्याचं सांगितलं होतं. वॉर्डातून आणलेलं पसरट भांडं होतं. पाणी नळीने प्यायचं. बायका आळीपाळीने येऊन तिला भरवत होत्या आणि ‘बाळंतीण कशी आहे?’ म्हणून चिडवत होत्या. पाठ दुखली, टाचांना मुंग्या आल्या, पण ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघींनी तिला फळीसारखं उचललं आणि कपड्यांच्या ट्रॉलीवर ठेवलं. ही लांबट, ठेंगण्या कडांची, लोखंडी कांबींची ट्रॉली, चाकांना कालच तेल घातलेलं. भरतीचं मैदान दीड किलोमीटरवर होतं. गळ्यापर्यंत चादर ओढून ती निघायच्या तयारीत पडली होती.

तेवढ्यात नवरा आला.

भरतीचं बोलावणं तिने घरी पिठाच्या डब्यात तळाशी लपवलं होतं. सासूने नेमका तोच डबा उपसला होता. तो कागद त्याच्या मुठीत चुरगळलेला होता. तो काही विचारायला आला नव्हता. माल उतरवायच्या दारातून सरळ आत शिरला, ट्रॉलीवर तिला पाहिलं आणि ट्रॉलीला लाथ घातली.

तेल घातलेली चाकं. ट्रॉली सुटली ती समोरच्या भिंतीवर, वाफेच्या नळावर जाऊन आदळली. पावशेर जागेवरून सरकली आणि तिची टाळू डोक्याकडच्या कांबीवर बसली. दात जिभेत रुतले. तोंड खारट झालं. काही समजायच्या आत त्याने तिला केसांना धरून खाली ओढलं होतं. ओल्या फरशीवर ती पाठीवर पडली.

‘ऊठ,’ तो म्हणाला. ‘उभी राहा.’

ती उठली नाही.

त्याने बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी कडकन वाजलं आणि श्वास अर्ध्यावर थांबला. तिने गुडघे पोटाशी घेतले, हातांनी तोंड झाकलं, पण कंबर जमिनीपासून उचलली नाही. मार खाणाऱ्याचं अंग आपोआप उठून पळायला बघतं. पाच वर्षं तिचं अंग हेच करत आलं होतं. आज डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. उभं राहायचं नाही. उभी राहिले, की गेले. दुसरी लाथ मांडीवर आली, तिसरी खांद्यावर. तो दरवेळी ‘ऊठ’ म्हणत होता आणि ती दरवेळी न उठता त्याच्याकडे बघत होती. त्याचा आवाज चढत गेला. न ऐकणारी बायको त्याने कधी पाहिली नव्हती. आडवी राहून न ऐकणारी तर नाहीच. तो वाकला आणि त्याने तिचा गळा धरला.

वाकला, इथे चुकला. इस्त्रीच्या रोलरवर काम करणाऱ्या बाईने हौदातली पाणी पिऊन जड झालेली घोंगडी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्यावर टाकली. एरवी अशी ओली घोंगडी दोन माणसांना उचलत नाही. तो गुडघ्यांवर आला. त्याने एक हात बाहेर काढून चाचपडायला सुरुवात केली आणि मावशींनी मोगरी दोन्ही मुठींत धरून त्या हातावर आणली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. त्यानंतर कोणी कोणाला सांगायची गरज राहिली नाही. मोगऱ्या चार होत्या, बायका सात. ज्यांना मोगरी मिळाली नाही त्यांनी पायातल्या लाकडी खडावा काढल्या. घोंगडीखाली एकच माणूस होता, पण प्रत्येक बाई आपापल्या घरच्या कोणालातरी मारत होती. तो आधी शिव्या देत होता, मग आई आई करत होता, मग नुसता आवाज येत होता. घोंगडीच्या कडेने लाल पाणी निघालं आणि ओट्याखाली रचलेल्या धुतलेल्या चादरींपर्यंत पोचलं.

मावशी थांबल्या. ‘थंड पाणी आणा,’ त्यांनी हुकूम सोडला.

एक नवी पोरगी बादली घेऊन धावली आणि त्याच्यावर ओतायला निघाली. मावशी तिच्यावर खेकसल्या, ‘त्याला नाही गं, चादरींना.’

त्याला घोंगडीसकट दुसऱ्या ट्रॉलीत घालून दोघीजणी अपघात विभागाच्या खिडकीपाशी सोडून आल्या. इस्पितळात काम करण्याचा एवढाच फायदा. पावशेरला पुन्हा चौघींनी फळीसारखं उचललं. तिच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तिला बोलता येत नव्हतं, पण तिने बोटाने दाराकडे दाखवलं.

मैदानावर तीनशे बायका रांगेत होत्या. ट्रॉलीवर आलेली एकटी हीच. कोणी हसलं, कोणी जागा करून दिली. तिचा नंबर लागला. चौघींनी तिला उतरवलं आणि फळीपुढे उभं केलं. बरगडीतून कळ डोळ्यांपर्यंत गेली. मापं घेणाऱ्या बाई हाडापेराने मोठ्या, आवाजाने कोरड्या. फळी खाली घेण्याआधी त्या प्रत्येकीच्या केसांत बोटं घालून चाचपत होत्या, कारण सकाळपासून त्यांनी तिघींच्या केसांतून मेण आणि एकीच्या केसांतून कापसाची गादी काढली होती. पावशेरच्या टाळूवर त्यांची बोटं थांबली. टेंगूळ सुपारीएवढं होतं. त्यांनी फळी खाली आणलीच नाही.

पावशेरने सुजलेल्या जिभेने सांगितलं, की नवऱ्याने मारलं.

‘आज सकाळपासून टेंगूळ घेऊन आलेली तू पाचवी,’ बाई म्हणाल्या. ‘सगळ्यांचे नवरे बरोबर आजच, आणि बरोबर मधोमधच मारतात का?’

पाच वर्षांत तिला नवऱ्याने कुठे कुठे मारलं नव्हतं. पण तिथे कधीच नाही. आणि हे पटवून द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. असंच दुसऱ्या कोणी येऊन सांगितलं असतं तर तिनेही विश्वास ठेवला नसता. मावशी पुढे होऊन भांडल्या, दिराचं मात्र नाव काढलं नाही. बाईंनी नियम वाचून दाखवला. डोक्याला सूज असेल तर माप घ्यायचं नाही. पाच वाजता टेबल उठेल, तोवर सूज उतरली तर या.

आता गंमत बघा. सूज उतरायला दिवस जायला हवा, आणि दिवस गेला, की माणूस खचतं. एक मिलिमीटर वरून जाणार, एक खालून. पावशेर पुन्हा ट्रॉलीवर आडवी झाली. मैदानाच्या कडेला एका झाडाची जेमतेम सावली होती. सरबतवाल्याकडून बर्फ आणला, फडक्यात बांधला, आणि मावशी तो तिच्या टाळूवर दाबून बसल्या. तुटलेली बरगडी प्रत्येक श्वासाला टोचत होती, म्हणून ती चमचा चमचा श्वास घेत होती. बर्फ असा काही आत शिरायचा, की दातखीळ बसायची. ती मावशींचा हात ढकलायची आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच ओढून परत डोक्यावर ठेवायची. डॉक्टरकडे चल म्हणून मावशींनी दोनदा विनवलं. तिने मान हलवली नाही. मानसुद्धा जपून ठेवली होती.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना तिला पुन्हा उभं केलं. बाईंनी केसांत बोटं घातली. बराच वेळ ठेवली. ‘आहे अजून थोडं,’ त्या म्हणाल्या. मावशींनी डोळे मिटले. बाईंनी पावशेरचं तोंड पाहिलं, फुटलेला ओठ, गळ्यावर उठलेली चार बोटं. त्या बोटांवर त्यांची नजर जरा अडकली. मग त्यांनी फळी खाली आणली आणि अंगठ्याने अशी दाबली, की पावशेरच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं.

‘सरळ,’ त्या म्हणाल्या.

सरळ व्हायचं म्हणजे बरगड्या उघडायच्या. तिने उघडल्या. आतली तुटलेली टोकं एकमेकांवर घासली, तिच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला, पण टाचा, पाठ आणि डोकं फळीला टेकलेलं राहिलं.

‘एकशे पंचावन्न पूर्णांक एक,’ बाईंनी सांगितलं, आणि लिहून टाकलं.

पावशेर तिथेच कोसळली. धावण्याची परीक्षा सव्वा महिन्याने होती. तोवर बरगडी सांधली. ती शेवटून चौथी आली, पण आली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. पावशेर दुसऱ्या भिंतीच्या आत राहते, दाराला आतून कडी आहे आणि चाव्या कमरेला. काम सोपं नाही. पहिल्याच वर्षी एका कैदी बाईने तिच्या दंडाचा लचका तोडला. दुसऱ्या वर्षी तिने स्वयंपाकघरात एकमेकींच्या अंगावर उकळतं पाणी फेकणाऱ्या दोघींच्या मधे उडी घेतली. मानेवर त्याचा डाग आहे. तिला कोणी ढकललं तर ती आता पडत नाही. पाय रोवून उभी राहते.

नवऱ्याचा हात प्लॅस्टरमध्ये तीन महिने होता आणि वाकडा सांधला. पोलिसांत तो गेला नाही; बायकांनी मारलं हे सांगायची लाज. सांगायला त्याला दुसरंच सापडलं; मैदानावरच्या टेंगळाची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. एकदा भेटीच्या दिवशी तो बाहेरच्या फाटकावर आला. पावशेर पहाऱ्यावर होती. फाटकातली झडप उघडून तिने बघितलं, तर तो भेटीला आलेल्या पन्नास लोकांपुढे उभा राहून हसत होता. ‘हिला मी वाढवली,’ तो ओरडून सांगत होता. ‘दोन मिलिमीटर कमी पडत होते. माझ्या लाथेने टेंगूळ आलं म्हणून हिला वर्दी मिळाली. विचारा, खोटं असेल तर विचारा तिला.’ तिने काठी झडपेतून बाहेर काढली आणि त्याच्या वाकड्या मनगटावर मारली. तो किंचाळत मागे गेला. झडप बंद झाली. त्यानंतर तो आला नाही.

पण बोलून गेला ते गेलं नाही. सासू हेच सगळ्यांना सांगते. पहाऱ्यावरच्या मैत्रिणी थट्टेत तिला ‘टेंगूळबाई’ म्हणतात, आणि ती हसते, आणि खोलीवर येऊन कडी लावली, की हसू जातं.

म्हणून तिने शोध घ्यायचा प्रयत्न केला. मापं घेणाऱ्या बाई एका तपासणीला आल्या होत्या, त्यांना विचारलं. बोटाला लागत होतं थोडं, त्या म्हणाल्या, पण बोटाला मिलिमीटर कळत नाहीत. ताणवाल्याला विचारलं. त्याने डोकं खाजवलं. एवढं दाबल्यावर टाळूची सूज सपाट होऊन काहीच उरलं नसेल, असंही होऊ शकतं, आणि दोन मिलिमीटर उरले असतील, असंही. त्या वेळी कोणी वेगळं मोजलं नाही, ताई, आता ते कळायचं नाही.

तरी ती सोडत नाही. लागून सुट्टी आली, की ती एक दिवस पूर्ण आडवी पडते, अगदी तसंच, भांडं आणि नळी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मैत्रिणी खाटेसकट उचलून फळीपाशी नेतात, दोन मिनिटं उभी करतात, आणि पुन्हा संध्याकाळपर्यंत झोपवून पाच वाजता माप घेतात. आतापर्यंत नऊ मापं झाली. एकदा एकशे पंचावन्न बरोबर. एकदा पूर्णांक दोन. दोनदा एकशे चोपन्न पूर्णांक आठ. एकदा नेमकं पूर्णांक एक, त्या दिवशी तिने मैत्रिणींना साखर वाटली. पुढच्याच वेळी एकशे चोपन्न पूर्णांक नऊ. वयही वाढतंय, ताणवाला म्हणतो, गाद्या सुकत जातात. जितका उशीर, तितकं हे माप त्या दिवसापासून लांब जाणार.

पुढची सुट्टी तीन आठवड्यांनी आहे. ती पुन्हा आडवी होणार आहे. त्या दिवशी पाच वाजता फळी खाली आली तेव्हा ते वरचे दोन मिलिमीटर तिच्या मणक्यांचे होते, की त्याच्या लाथेचे?